दुसऱ्याच्या हातची छाटणी

उत्तरा चहाचा ट्रे घेऊन मागच्या अंगणात आली आणि जागच्या जागी थबकली. कुंपणालगत एक अनोळखी तरुण उकिडवा बसला होता, आणि तिच्या लाडक्या गुलाबाची एकुलती एक जाड फांदी त्याने मुळापासून उडवली होती.

"अहो... काय केलंत हे?"

"जंगली फुटवा होता," तो हसत म्हणाला. "सात-सात पानं होती त्याला. रोपाचं सगळं बळ खातो यार असला फुटवा. काढून टाकला!"

शाबासकी मिळेल अशी बिचाऱ्याची समजूत होती.

दिल्लीतल्या मराठी गुलाबवेड्यांच्या या गटाचा एक रिवाज होता. ऑक्टोबर आला की आपल्या झाडाला आपण कात्री लावायची नाही, दुसऱ्याने लावायची. स्वतःच्या गुलाबावर हात चालत नाही, माया आड येते. छाटलेल्या फांद्यांतल्या लावण्याजोग्या ज्याने कापल्या त्याने घरी न्यायच्या, बाकीच्या कचऱ्यात. त्या रविवारी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधल्या उत्तराच्या बागेची पाळी होती, आणि दिल्लीच्याच द्वारका उपनगरातून आलेल्या या नचिकेतची पहिलीच वेळ.

कलमी गुलाबाला खालच्या रानटी खुंटातून जंगली फुटवा येतो, हे खरंच आहे. पण हे कलम नव्हतंच. दोन गुलाबांचा संकर करून, बी पेरून उत्तराने हे रोप तीन वर्षं लेकरासारखं वाढवलं होतं. मार्चमध्ये त्याला पहिलं फूल आलं होतं, जर्दाळूच्या रंगाचं, कडांना गुलाबी. तसं फूल जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

"बियांपासून केलेल्या रोपाला जंगली फुटवा नसतो!" तिचा आवाज चढला. "तुम्ही कापलंत ना, तेच झाड होतं! फांदी कुठंय?"

"ती... बाकीच्या कचऱ्यात असेल. आत्ता गाडी घेऊन गेली." त्याचा चेहरा पार उतरला.

"अगं, नवीन आहे तो," गटातल्या हेमलताकाकू मध्ये पडल्या.

"मग त्याला बघत उभं करायचं, काकू! हातात कात्री कशाला दिलीत?"

तिने ट्रे असा आपटला की निम्मा चहा बशांत गेला. नचिकेत आपली पिशवी उचलून निघून गेला.

दिवाळीपर्यंत उरलेला खुंट वाळला आणि त्याला वाळवी लागली. उत्तराने गटातून नंबर काढून फोन लावला.

"रोप मेलं. तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय."

"मला खरंच खूप वाईट—"

"तुमचं वाईट वाटणं कुंडीत लावू का मी?"

फोन बंद. पण पुढच्या रविवारी तिला आणखी एक सुचलं, जे बोलायचं राहून गेलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही सुचलं.

"बोला, चहा घेऊनच बसलोय," तो म्हणायचा.

"मी रागावतेय, आणि तुम्ही चहा पिताय?"

"अच्छा, ठेवला बाजूला. रागवा आता..."

डिसेंबरात धुकं उतरलं, तसे हे फोन लांबत गेले.

"आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारत असाल मूर्खासारखे! काळे डाग पडतात या दिवसांत."

"पडलेत."

"वाटलंच मला! मुळाशी घाला, तेही सकाळी... आणि मफलर बांधा. खोकताय केव्हाचे."

"कुणाला एवढं झापत असतेस गं?" तिच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, एकदा विचारलं.

"एका नालायक माणसाला, बाबा!" ती फणकारली. नालायक माणसाशी कुणी इतका वेळ बोलत नाही, हे भाऊसाहेबांना कळत होतं. लेकीला कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

फेब्रुवारी संपत आला आणि एका भर दुपारी त्याचाच फोन आला.

"येऊ शकाल? आजच... तुमची ती फांदी कचऱ्यात गेली नव्हती. जंगली काड्यांवर डोळा भरून कलम करता येतं, म्हणून सवयीने तिच्याही काड्या करून मीच पिशवीत टाकल्या होत्या. घरी आल्यावर दिसल्या. लावल्या. त्यातली एक जगलीय."

 अर्ध्या दिवसाची रजा टाकून उत्तराने मेट्रो पकडली. द्वारकेपर्यंत ती डब्याच्या दाराशीच उभी राहिली, आनंदाने की संतापाने ते तिलाही सांगता आलं नसतं.

नचिकेतने दार उघडलं. बाल्कनीचा पडदा ओढलेला होता.

"जगली हे कधी कळलं?"

"डिसेंबरात. पालवी फुटली तेव्हा."

"डिसेंबरात!" अहो-जाहो सगळं गळून पडलं. "मी इकडे रडत होते आणि तू लपवून ठेवलंस? का?"

"आधी वाटलं, काडीचा भरवसा काय... मेली तर तुम्ही दुसऱ्यांदा रडाल. आणि नंतर..." तो जमिनीकडे बघत राहिला. "नंतर वाटलं, रोप परत मिळालं की राग संपेल. मग रविवारी फोन कशाला येईल? चूक आहे, माहीत आहे मला. पण मला तुम्ही... आवडता. रागावलेल्यासुद्धा. आता कळीने रंग दाखवला आणि राहवेना. हे तुमचं आहे."

 पडदा झटक्यात सारून उत्तरा बाहेर गेली.

छोट्याशा रोपावर ते फूल उमललं होतं. जर्दाळूच्या रंगाचं, कडांना गुलाबी. तिने वाकून वास घेतला आणि तिला हुंदका आवरला नाही.

"कसं आहे?" आतून दबका आवाज आला.

"म्हणजे? तू बघितलं नाहीस?"

"पहिल्यांदा तुम्ही बघायचं. कालपासून पडदा ओढलाय. सकाळी पाणीसुद्धा डोळे मिटून घातलं... निम्मं चपलेवर सांडलं."

"अक्कल आहे का तुला?" ती ओरडली, डोळे पुसत. "तू जगवलंस आणि तूच बघितलं नाहीस? ये इकडे. ये म्हणते ना!"

मनगटाला धरून तिने त्याला बाहेर ओढलं. नचिकेतने फूल पाहिलं आणि पाहतच राहिला. गुडघ्यांवर बसला. पाकळ्यांच्या कडा, खालचा देठ, पानांच्या शिरा... हळू हळू एकेक न्याहाळत राहिला. शेजारी कुणी उभं आहे, याचं त्याला भान उरलं नव्हतं.

उत्तरा वाट बघत राहिली. मग तिला पुन्हा राग आला. या वेळी त्या फुलाचा. तीन वर्षं जिवापाड जपलेल्या आपल्याच गुलाबावर आपण जळतोय, हे ध्यानात आलं तशी ती कानापर्यंत लाल झाली.

"नचिकेत," ती म्हणाली, "पुरे झालं फूल. माझ्याकडे बघ."

त्याने वर पाहिलं.