मागच्या पायरीवरचे जोडे

कंदील राहू दे तसाच, टेस. लाईट येईल तेव्हा येईल. आणि मिलो, तू दाराकडे पाठ करून बसलायस. बस बापडा, मला काय.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझा मावसभाऊ वेंडेल आणि त्याची बायको लॉर्ना, दोघांनी मला वेगवेगळं बसून सांगितली आणि दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता. नवरा-बायकोचं एवढं एकमत एरवी कशावर होतं?

साल दोन हजार चौदा. मेचा पहिला गुरुवार, ट्युलिपच्या जत्रेची पहिली रात्र. वेंडेल आपल्या या पेला गावातलाच, पण नोकरीसाठी इलिनॉयला गेला तो तिकडचाच झाला. लॉर्ना तिकडची, आयरिश घरातली. बावीस वर्षांचा संसार, पण या पठ्ठ्याला बायकोचा वाढदिवस कधी लक्षात राहिला नाही. शेवटी ती म्हणाली, "दोन दिवस कुठेतरी घेऊन चल मला. फक्त आपण दोघं. त्यातही काही उमगलं नाही, तर मी बहिणीकडे जाते, ती कायमची."

मग धावाधाव. इथल्या पवनचक्कीमागचं ते विटांचं जुनं घर त्याने भाड्याने घेतलं. संध्याकाळी बदाम भरलेली पेस्ट्री आणायला तो बेकरीत गेला. जत्रेच्या दिवसांत तिथली रांग म्हणजे मारुतीचं शेपूट. परत यायला त्याला दिवेलागण झाली.

आला तर लॉर्ना स्वयंपाकघरात उभी. पायांत लाकडी जोडे. नवेकोरे, पांढरे, वर कोरलेली वेलबुट्टी. आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी.

"हे कुठले?" त्याने विचारलं.

"चोरा, मागच्या पायरीवर गुपचूप ठेवून जातोस आणि वर मलाच विचारतोस? मापसुद्धा बरोबर आणलंस. मला वाटलं होतं, माझ्या पायाचं माप तुला मेल्यावरच कळणार."

आता सांग मिलो, आपल्या डच लोकांत जुनी रीत काय होती? ... नाही ना माहीत? घाला त्या फोनमध्ये डोकं. पोराने स्वतःच्या हाताने जोडे कोरायचे आणि अंधार पडताना पोरीच्या मागच्या पायरीवर ठेवायचे. तोंडाने काही बोलायचं नाही. जोडे बाहेरच राहिले तर नकार. तिने आत घेतले तर लग्न ठरलं.

लॉर्नाला हे कुठून माहीत असणार? वेंडेलला होतं. त्याला हेही माहीत होतं, की त्या घरात पूर्वी हिल्ये नावाची मुलगी राहायची, आणि मागच्या छपरीत जोडे कोरणारा ट्यूनिस तिच्यासाठी झुरायचा. तिने त्याचे जोडे आत घेतले नाहीत. बर्फ पडेपर्यंत ते पायरीवर तसेच होते. ट्यूनिस मात्र नंतर कोणाला दिसला नाही.

एकच वाक्य बोलायचं होतं. मी आणले नाहीत. पण बायको कित्येक वर्षांनी त्याच्याकडे अशी बघत होती... तो म्हणाला, "आवडले ना?"

मला त्याचा राग येत नाही. दया येते.

ती रात्र दोघांची छान गेली. हसली, जेवली, एकमेकांच्या कुशीत झोपली. जोडे तिने पलंगाशेजारी ठेवले.

मध्यरात्र उलटल्यावर वेंडेलला जाग आली. बाहेर विटांच्या वाटेवर आवाज येत होता. खट... खट... लाकडी जोड्यांचा. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा.

मागच्या दाराशी थांबला.

शेजारी लॉर्ना उठून बसली होती. डोळे मिटलेले. पाय जोड्यांत.

"आलास?" ती म्हणाली. त्याला नाही. दाराला.

त्याने तिचा हात धरला. हात गार. ती चालू लागली, तसा तोही तिच्यामागे ओढला गेला. खोलीत ओल्या लाकडाचा वास. तिचा हात कडीवर.

"लॉर्ना... ते मी आणले नाहीत."

ती थांबली.

"मी खोटं बोललो. मला काहीच लक्षात नव्हतं. माप पण नाही."

तिने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ... बाहेर एक पाऊल वाजलं. पायरीवर.

मग तिने जोडे काढले. स्वतः दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. तिने ते पायरीवर नीट जोडून ठेवले आणि अंधाराला हळूच म्हणाली, "माफ करा. मला नवरा आहे."

...

पाऊल वाजलं. मग दुसरं. लांब लांब गेलं. सकाळी पायरी रिकामी होती.

त्यानंतर दोघांचा संसार सोन्यासारखा झाला. वेंडेल म्हणायचा, आयुष्यात तेवढं एकदाच खरं बोललो आणि बायको राहिली. वाढदिवस मात्र पुढेही विसरायचाच.

या फेब्रुवारीत तो गेला. तुम्ही होतात की मातीला.

नुकताच मी लॉर्नाकडे जाऊन आलो, इलिनॉयला. तिन्हीसांजेची वेळ. कॉफी पिता पिता ती म्हणाली, "मागच्या पायरीवर काहीतरी पडलंय, जरा बघ ना." मी दार उघडलं. लाकडाच्या ढलप्या. पांढऱ्या, कुरळ्या, पायरीभर. मी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना विचारून आलो. तिथे कोणी साधा खिळासुद्धा ठोकत नाही.

मी म्हटलं, "लॉर्ना, सामान भर. आमच्याकडे राहायला चल."

तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

"अगं, या वेळी त्याला काय सांगशील?"

ती उठली. झाडू दारामागेच होता, तिने घेतला नाही. नुसता मागच्या पायरीवरचा दिवा लावला आणि आत आली.

मी निघताना वाकून एक ढलपी उचलली. ही बघा, खिशातच आहे. हात लावून बघ, टेस. चार दिवस झाले...

अजून ओली आहे.