चौसष्टावी सही

चौबे कॉलोनीत पद्मिनी राजिमवाले यांच्या खासगी तपासाच्या ऑफिसात सकाळी नऊच्या आत येणारा माणूस एकतर फार अडचणीत असतो, नाहीतर पत्ता चुकलेला असतो. राधिकाबाई कोल्हे पहिल्या प्रकारातल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला.

"हे वाचा दीदी. आमच्या पाऱ्यातल्या बायांनी म्हणे कारखान्याले हो म्हटलं. सगळ्यांत वर माझंच नाव. अन् मी तर सहीच नाही केली."

पद्मिनीबाईंनी वाचलं. बीरगावच्या कडेला, डबरीपारा नावाच्या वस्तीत, अंगणवाडीच्या भिंतीला लागून ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा कारखाना होणार होता. जनसुनावणी आजच चार वाजता होती. आणि काल कुणीतरी सुनावणीच्या ऑफिसात एक सहमतीपत्र दाखल केलं होतं: 'आम्हा महिलांची काही हरकत नाही.' खाली नावं आणि सह्या. फोटो फक्त पहिल्या पानाचा होता.

"तुमची हरकत काहून आहे, ते आधी सांगा."

"माझ्या मालकांनी वीस वर्षं असेच पत्रे कापले, दुसऱ्या गावी. तेव्हा काहीच झालं नाही. आता दहा पावलं चालले की बसतात. डॉक्टर म्हणे, ती धूळ छातीत बसून राहते अन् कितीतरी वर्षांनी त्रास देते. आमच्या अंगणवाडीत छप्पन्न पोरं आहेत." राधिकाबाई थांबल्या. "अन् आमच्या महिला मंडळाच्या बाया म्हणून राहिल्या, राधिकाच फितूर झाली. मले पाहून दार लावून घेतात."

यातलं शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यांत जास्त लागलेलं होतं.

कोपऱ्यात पद्मिनीबाईंचे दीर श्यामकांत पेपर वाचत होते. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींचे सहायक होते. म्हणजे स्कूटर चालवायची आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. दोन्ही कामं ते मनापासून करत.

"भाऊजी, सुनावणीच्या ऑफिसातून पूर्ण पत्राची नक्कल आणा. मी यांच्यासोबत पुढे जाते."

राधिकाबाईंच्या घरी त्यांचे यजमान नत्थूजी खाटेवर बसून शेंगा सोलत होते. हसून नमस्कार केला, पण उठले नाहीत. स्वयंपाकघर चकचकीत होतं. वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा अजून कागदात गुंडाळलेला.

"हा न वापरलेला?"

राधिकाबाई ओशाळल्या. "पोट्ट्याचं लग्न जमलं होतं, दोन वर्षं झाली. सुनेचं नाव बदलायचीसुद्धा तयारी झाली होती. मग पोट्टीनं पुण्याची नोकरी धरली अन् नाही म्हटलं. पोट्टा अजून तसाच आहे, अन् डबाही."

तिथून पद्मिनीबाई मंडळाच्या सेक्रेटरीकडे गेल्या. मीनल बोरकर दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने चहा दिला, पण चेहरा घट्ट.

"सभासदांची वही माझ्याजवळच असते दीदी, कपाटात, कुलपात. आम्ही त्रेसष्ट बाया आहोत. राधिकाताईनं सह्या दिल्या असतील तर मले काय माहीत."

तिने साखर काढली तो डबा पद्मिनीबाईंनी हातात घेतला. झाकणावर कोरलेलं होतं, 'सौ. मीनल बोरकर'.

"छान आहे. कुठला?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण. दोन वर्षांपूर्वी मंडळानं सगळ्यांना दिले, गोलबाजारातल्या श्रेयसभाऊच्या दुकानातून. राधिकाताईच गेली होती नावं द्यायले."

बाहेर श्यामकांत नक्कल घेऊन उभे होते. सगळ्या नावांमागे 'सौ.' आणि नावं एकूण चौसष्ट. शेवटचं नाव, 'सौ. यामिनी कोल्हे'.

"पाहा वहिनी," ते कुजबुजले. "पहिली कोल्हे, शेवटचीही कोल्हे. फितुरी घरातलीच आहे."

पद्मिनीबाईंनी ते शेवटचं नाव दोनदा वाचलं आणि कागद पर्समध्ये ठेवला.

पाऱ्याच्या तोंडाशी इंद्रजीतचं कंप्युटर सेंटर होतं. इथले सगळे फॉर्म तोच टाइप करायचा, म्हणून आता श्यामकांतांचा संशय त्याच्यावर सरकला. इंद्रजीतला मराठी कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

"दीदी, मेरे पास तो पूरे वार्ड की वोटर लिस्ट है. उसमें सौ-वौ कुछ नहीं लिखा रहता. और मैं करता तो सिर्फ मराठी औरतें क्यों लेता? आधा पारा तो छत्तीसगढ़ी है."

"हव, बरोबर आहे," पद्मिनीबाई म्हणाल्या आणि स्कूटरवर बसल्या. "भाऊजी, गोलबाजार. मला डबा घ्यायचा आहे."

"सुनावणी चारला आहे आणि तुम्ही भांडी घेणार?" श्यामकांतांनी विचारलं, पण किक मारली.

श्रेयसचं दुकान भांड्यांनी गच्च भरलेलं. तो स्वतः मशीन घेऊन जेवणाच्या ताटांवर नावं कोरत होता. ताटांच्या थप्प्या पार दारापर्यंत आलेल्या, आणि प्रत्येक ताटावर त्याच नव्या कारखान्याचं नाव.

"कँटीनचं काम मिळालं, कारखाना व्हायच्या आधीच," तो खुशीत म्हणाला. मग एक जाडजूड वही पुढे सरकवली. "नाव तुमच्या हातानं लिहा ताई. पाच वर्षांच्या वह्या जपून ठेवल्या आहेत मी. कुणी म्हटलं नाव चुकलं, की त्यांचंच अक्षर दाखवतो."

पद्मिनीबाईंनी नाव लिहिलं. "बीरगावच्या बायकांनी तुमचं दुकान सुचवलं."

"बीरगाव?" मशीन थांबली. "नाही ताई, तिकडचं काम मी कधी केलंच नाही."

डबा घेऊन दोघं निघाले. श्यामकांत वाटेत म्हणाले की माणूस फार सज्जन वाटला.

चार वाजता डबरीपाऱ्यात मंडप भरला होता. एका बाजूला बायका, त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून एकट्या राधिकाबाई. पुढच्या रांगेत कंपनीचे भार्गवसाहेब, मागे पाहुण्यांत श्रेयस.

अधिकाऱ्यांनी सहमतीपत्र वर धरलं. पद्मिनीबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, एकच विचारायचं आहे. या सह्या घेतल्या कशा?"

"आमच्या लोकांनी घरोघरी जाऊन," भार्गवसाहेब म्हणाले. "एकेका बहिणीला मी स्वतः भेटलो."

"यामिनी कोल्हेंनाही?"

"हो. बोलायला फार चांगल्या आहेत त्या."

राधिकाबाई ताडकन उठल्या. "यामिनी? ती कुठून आली?"

"तुमची सून," पद्मिनीबाई म्हणाल्या, "जी कधी झालीच नाही. बसा, सांगते.

"ही नावं मतदार यादीतली नाहीत. तिथे 'सौ.' नसतं, आणि तिथल्या छत्तीसगढ़ी बाया यात नाहीत. मंडळाच्या वहीतलीही नाहीत. तिथे त्रेसष्ट आहेत, इथे चौसष्ट. मग मराठी बायकांची, 'सौ.' लावलेली, एक जास्तीची यादी आणखी कुठे होती? भांडेवाल्याकडे. वाणाच्या डब्यांवर कोरायची नावं राधिकाबाईंनी स्वतः लिहून दिली होती. स्वतःपासून सुरुवात केली आणि होणाऱ्या सुनेवर संपवली."

राधिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू की रडू, ते कळेना.

"सुनेचं नवं नाव लग्नात तांदळात लिहून दाखवेपर्यंत आपण कुणाला सांगत नाही. लग्न मोडलं, म्हणून ते नाव पुढेही कुणाला कळलं नाही. ते दोघांनाच ठाऊक होतं. जिनं लिहिलं तिला, आणि ज्यानं कोरलं त्याला. राधिकाबाईंनी खोट्या सह्या केल्या असत्या, तर नसलेली सून कशाला उभी केली असती? श्रेयसभाऊ, बीरगावचं काम कधी केलं नाही म्हणालात. मीनलच्या घरातला साखरेचा डबा तुमच्याच दुकानचा आहे. दोन संक्रांतींपूर्वीची वही मागवू?"

श्रेयस जागेवरून उठला. "नुसती नावंच तर दिली, असं वाटलं मले. ताटांचं एवढं मोठं काम होतं. सह्या त्यांच्या माणसानं केल्या."

भार्गवसाहेबांना अचानक पाणी हवं झालं. अधिकाऱ्यांनी सहमतीपत्रावर आडवी रेघ मारली, पोलिसांकडे पाठवायचं म्हणून बाजूला ठेवलं आणि विचारलं, आता कोण बोलणार?

मीनल उठली, मधल्या चार खुर्च्या ओलांडून राधिकाबाईंजवळ जाऊन बसली. "माझं चुकलं ताई. तू बोल आधी, आम्ही आहोत मागे."

पण राधिकाबाईंच्या आधी मंडपाच्या दारातून नत्थूजी निघाले होते. काही पावलं चालले की उभे राहायचे. कुणी हात धरायला गेलं तर नको म्हणायचे. अख्खा मंडप वाट पाहत होता. माइकपाशी पोचल्यावरही बराच वेळ त्यांना बोलता येईना.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "दारापासून इथपर्यंत यायले मले किती वेळ लागला, तेवढं लिहून घ्या. बाकी माझं काही म्हणणं नाही."

अधिकाऱ्यांनी घड्याळ शोधलं. त्यांनी वेळ पाहिलीच नव्हती.

"सहा मिनिटं," श्यामकांत मनगट पुढे करून म्हणाले, आणि आज दिवसभरात पहिल्यांदा त्यांचं बरोबर होतं.

अधिकाऱ्यांनी 'सहा मिनिटं' असं लिहिलं आणि मान वर केली. माइकपुढे राधिकाबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागची रांग मंडपाच्या दाराबाहेर गेली होती.