टोप्याचे तीन नको

ही गोष्ट २०४३ सालची. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि पाटणच्या वरच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या वसाहतीत आजोबा आणि आत्याबरोबर राहत होते. त्या जुन्या चक्क्या आता राहिल्या नाहीत, पण त्यांच्या पात्यांची घरघर अजून माझ्या कानात आहे.

माझी भामिनीआत्या चक्क्या दुरुस्त करायची. खांबाच्या आतल्या पाळण्यातून (एका माणसापुरत्या लिफ्टमधून) एकशे वीस मीटर वर जायचं. पाळण्याला मर्यादा शंभर किलोंची. आत्याचं वजन सव्वाशेवर गेलं आणि ती सहा वर्षं खालच्या खोलीत पडद्यासमोर बसून राहिली.

"बारा नंबरची चक्की माझी आहे गं," ती म्हणायची, "आणि मीच तिला खालून हात दाखवते."

शेवटी तिनं जठराची (अन्न साठवणाऱ्या पिशवीची) शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढचे सहा महिने साताऱ्याला मैत्रिणीकडे राहिली. जानेवारीत घरी आली ती अठ्ठ्याण्णव किलोंची होऊन! फेब्रुवारीअखेर ताकदीची चाचणी होती. ती पास झाली, की बारा नंबर पुन्हा तिची. नापास झाली, तर जागा कायमची दुसऱ्याला.

आणि घरी आल्यापासून तिला उलट्या सुरू झाल्या. जेवली, की अर्ध्या तासात छातीवर हात, घाम आणि मोरीकडे धाव. पंधरा दिवसांत तिला पान्ह्यानं साधा नटही घट्ट आवळता येईना.

डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं. "टाके उत्तम आहेत, वाट मोकळी आहे," ते म्हणाले. "चूक पोटात नाही. ताटात शोधा."

पण ताट तर टोप्या वाढायचा! टोप्या म्हणजे आमचा स्वयंपाकी यंत्रमानव. डोकं उपड्या टोपासारखं, म्हणून हे नाव. एक ग्रॅमही इकडेतिकडे व्हायचा नाही. मग साताऱ्यात ठीक असलेली आत्या घरातच का आजारी पडत होती?

मी वही घेऊन जेवणाच्या वेळी शेजारी बसले आणि दिसेल ते लिहू लागले.

टोप्यानं वाटीभर मऊ मूग वाढले. आत्यानं ते संपवले आणि म्हणाली, "नको आता."

टोप्यानं डाव भरला. "थोडंसंच."

"नको रे."

आणखी एक डाव. आत्यानं आजोबांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, कौतुकानं बघत. तिनं खाल्लं.

"खरंच नको!" तेव्हा कुठे टोप्या मागे सरला.

"टोप्या, आत्यानं किती खाल्लं?" मी विचारलं.

"शंभर ग्रॅम. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच."

"आणि नंतरचे दोन डाव?"

"ते जेवण नव्हे," टोप्या शांतपणे म्हणाला. "तो आग्रह."

मी वही टाकून ओरडले, "आत्या, सापडलं!"

आजोबांची पाटणला चाळीस वर्षं खानावळ होती. टोप्याला वाढायला त्यांनीच शिकवलं होतं. आजोबांचा चेहरा उतरला. "पहिला नको लाजेचा, दुसरा रीतीचा, तिसरा खरा. माझ्या पंगतीतून उपाशी कुणी उठलं नाही, भामे. आणि मी माझ्याच पोरीला..."

"अण्णा, चूक माझीही आहे," आत्या म्हणाली. "तुमचा चेहरा पडू नये म्हणून गिळत राहिले. बसा इथं. टोप्या, तूही ऐक."

तिनं टेबलावर एक फुगा आणि एक केळं ठेवलं. "आधी माझं जठर या फुग्यासारखं होतं, ताणेल तेवढं ताणायचं. आता या केळ्याएवढी नळी उरली आहे. कापलेल्या भागात घ्रेलिन (भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेणारं रसायन) तयार व्हायचं. म्हणून मला पूर्वीसारखी भूकच लागत नाही."

"मग बरंच की!" मी म्हटलं.

"अर्धंच बरं. चक्कीला ब्रेक लावला तर पातं जागच्या जागी थांबतं का?"

"नाही. फिरत फिरत थांबतं."

"तसंच पोट भरल्याचा निरोप मेंदूला पूर्ण पोचायला वीसेक मिनिटं लागतात. फुग्यात तेवढ्या वेळाची जागा होती. नळीत एक डावही जास्त मावत नाही. म्हणून छोटे घास, भरपूर चावणं, आधी डाळ-अंडं-पनीर आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. पुढे भूक थोडी परत येईल, तेव्हा याच सवयी मला सांभाळतील."

टोप्याच्या डोक्यावरचा हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकला. "म्हणजे भूक बदलली, पण घराची सवय बदलली नाही."

"शहाणा आहेस," आजोबा पुटपुटले. "माझ्यापेक्षा."

त्या दिवसापासून टोप्या पहिल्या नकोला थांबू लागला. आजोबा डाव हातात घ्यायचे, तो खाली ठेवायचे, परत घ्यायचे. त्यांना आमच्यापेक्षा जड गेलं. पण उलट्या थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात आत्यानं गंजलेला नट एका झटक्यात फिरवला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आत्या चाचणी पास झाली! मार्चच्या पहिल्या सोमवारी सगळी वसाहत बारा नंबरखाली जमली. पाळणा कुरकुरत वर गेला. थोड्या वेळानं टोकावर एक नारिंगी ठिपका दोन्ही हात हलवू लागला.

दुपारी वॉकीटॉकी खरखरला. "अण्णा, डबा उघडला. पाच घास खाल्ले. पिठलं झकास! आता नको."

टोप्याचा हात सवयीनं अर्धा वर गेला आणि थांबला. आम्ही सगळे आजोबांकडे पाहू लागलो. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी बटण दाबलं.

"बरं पोरी. झाकून ठेव."

वरून आत्याचं हसणं आलं आणि बारा नंबरची पाती फिरू लागली.

आत्यानं पुढे एकवीस वर्षं चक्क्या सांभाळल्या. शस्त्रक्रियेनंतर रोज घ्यायची जीवनसत्त्वाची गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही. आजोबांनी वसाहतीत पुन्हा पंगती घातल्या, तिथे ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. टोप्या साताऱ्याच्या दवाखान्यात इतर यंत्रांना वाढायला शिकवू लागला. मी पोट आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं. त्यातले कितीतरी निरोप अजून आम्हाला वाचता आलेले नाहीत. ते तुमच्यापैकी कुणीतरी वाचेल. जवळ एक वही मात्र असू द्या.