पाव फेरा

"सव्वा! पुन्हा सव्वा! मी एक फेरा ठेवला होता. एक! या स्क्रूला काय पाय फुटलेत?"

मामा कुणाशीच बोलत नव्हता. वर्कशॉपमध्ये आपण एकटेच आहोत असं समजून तो स्वतःशी कुरकुरत होता. पण त्याच्या चपलांपासून वीतभर अंतरावर, कामाच्या टेबलाखाली, त्याची बारा वर्षांची भाची पोटावर पडून सगळं ऐकत होती. दिसेल ते खिशात कोंबायच्या सवयीमुळे घरात तिला खार म्हणत.

खार एक तारेची कडी शोधत होती. नखाएवढी! सकाळी मामाच्या चिमट्यातून टुणकन उडाली, ती गेलीच. तशी कडी बनवणारा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली होती, म्हणून सुट्टीतली सगळी पोरं शोधकामाला जुंपली होती. पण टेबलाखाली इतकं छान होतं, की आपण काय शोधतोय हेच खार अधूनमधून विसरायची. फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात लाकडाचा भुसा सावकाश, अगदी सावकाश तरंगत होता. जणू कधीकाळी कापलेली झाडं अजून खाली पडतच होती.

"काय झालं मामा?" तिनं विचारलं.

मामा काही बोलला नाही.

"मामा, कुठला स्क्रू?"

तरी नाही. नादात असला की हा असाच, असं म्हणून खारीनं सोडून दिलं.

"सापडलीऽऽऽ!" दारातून आरोळी आली. हा मामाचा मुलगा, भोंगा. तो कुजबुजला तरी शेजारच्या घरात कळायचं.

मामा चटकन वळला. "शाबास रे पठ्ठ्या! कुठे होती?"

"मुंगीच्या केसांत!"

मुंगी, म्हणजे खारीची सात वर्षांची बहीण, डोकं चोळत मागे उभी होती. "मी नाही हं चोरली. ती स्वतःच आली."

मामा जुन्या साखळी-करवती दुरुस्त करायचा. इंजिनाच्या, चाळीस-पन्नास वर्षांच्या. भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या त्या बघितल्या, की खारीला वाटायचं, झोपल्यात बिचाऱ्या, आणि आपापल्या जंगलांची स्वप्नं बघतायत. त्यांचे भाग दुकानात मिळत नसत. एखादा दुसऱ्या मोडक्या करवतीच्या पोटातून काढावा लागे, एखाद्यासाठी जगभर पत्रं धाडावी लागत. टेबलावरची लाल करवत तर पिस्टनविना दोन वर्षं पडून होती. शेवटी कुठल्यातरी दूरच्या म्हाताऱ्यानं आपल्या खोपटातला कोरा पिस्टन बिस्किटांच्या डब्यात घालून पाठवला.

"हा गेला तर संपलं," मामा म्हणाला होता. "दुसरा असेलही कुठेतरी. पण तो सापडेपर्यंत मला कवळी लागलेली असेल!"

स्क्रूचं गणितही त्यानंच खारीला शिकवलं होतं. कार्बोरेटरचा तो बारका स्क्रू पूर्ण आवळायचा आणि मग मोजून उघडायचा. उघडला की इंजिनात पेट्रोल जातं, आणि पेट्रोलात मिसळलेलं तेलही. "मोकळी पळताना करवत जरा तोतरी बोलली पाहिजे, बब्बब्बब्! लाकडात शिरली की मग साफ. मोकळ्यावरच साफ बोलली, तर समजायचं, तहानलेली आहे. तेल कमी पडतंय. मग पिस्टन तापतो, ओरखडतो, आणि आपण कपाळाला हात लावून बसतो."

आणि लाल करवतीचा तोच स्क्रू कोणीतरी चोरून फिरवत होतं! रोज पाव फेरा!

"स्क्रूचोर!" भोंगा म्हणाला. मामीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण चोर?"

"हळू बोल रे," खार म्हणाली. "आपण सापळा लावू."

सापळा सोपा होता. मामानं स्क्रू पुन्हा एकवर आणला. तो चहा प्यायला गेल्यावर खारीनं स्क्रू आणि त्याच्या शेजारचा पत्रा यांना जोडणारा नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. मग तिघं नदीवर पोहायला गेली, आणि संध्याकाळी येऊन बघतात तर काय, ठिपका मधोमध तुटलेला!

"मामा, दुपारी येतो तो! तू झोपतोस तेव्हा!"

मामानं मिशीला पीळ भरला. "अस्सं! मग मी बघतोच." त्यानं स्क्रू मोजून एकवर आणला, लाल करवत लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. "उद्या चारला फळबागेच्या आजी करवत न्यायला येणार. तोपर्यंत माशीसुद्धा शिरणार नाही!"

तिघांची छाती दोन बोटं फुगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोराचं तोंड बघायला तिघं माळ्यावर चढली आणि खोक्यांमागे लपली. खाली ऊन फरशीवर लांबट चौकोन काढत होतं. तेलाचा गोडसर वास येत होता. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं आणि खाटेवर मामाचं पोट संथ वरखाली होत होतं. खारीचेही डोळे मिटायला लागले. आपण एका मोठ्या लाकडी जहाजावर आहोत आणि ते झाडांच्या शेंड्यांवरून चाललंय, असं काहीतरी...

दार करकरलं.

मामी!

"आई?" भोंगा बोलणार तोच खारीनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

मामीनं कपाटाची मूठ ओढली. एकदा, दोनदा. मग कपाळ कपाटाच्या दाराला टेकवून ती क्षणभर उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं खुंटीवरची एक निळी करवत काढली, टेबलावरच्या शिकंज्यात आवळली आणि चालू करायची दोरी ओढली.

घर्रर्रर्र! खोकी थरथरली. खुंट्यांवरच्या साखळ्या वाजायला लागल्या. मुंगीनं दोन्ही कानांत बोटं घातली. करवत बारीक, तीक्ष्ण, साफ आवाजात किंचाळत होती. मामीनं मान कलती केली, स्क्रू जरासा उघडला, आणि किंचाळणं फुटलं. बब्बब्बब्. तोतरं झालं.

खार मात्र मामीकडे बघत नव्हती. उघड्या दारातून ती खाटेकडे बघत होती.

मामाचं पोट संथ वरखाली होत होतं. त्यानं कूससुद्धा बदलली नाही.

करवत बंद झाली. मुंगीला शिंक आली.

"खाली या," मामी वर न बघताच म्हणाली. "तिघंही. आणि माझी नेलपॉलिशची बाटली घेऊन या."

तिघं शिडीवरून उतरली.

"मामी, तू रोज..." खारीनं सुरुवात केली.

"सहा करवती परत आल्या गेल्या पावसाळ्यात. सगळ्यांचे पिस्टन ओरखडलेले." मामी पदरानं हात पुसत राहिली. "मग मीच म्हटलं, पाव फेराच तर आहे."

"पण मामा उठला कसा नाही?" मुंगीनं विचारलं.

"त्यांना हल्ली झोप गाढ लागते," मामी म्हणाली, आणि लगबगीनं चहा टाकायला गेली.

खारीनंही कपाटाची मूठ ओढून बघितली. लाल करवत एका फेऱ्यावर होती. कुलपात होती. आणि ती किल्ली मामाच्या खिशात जायला कारण कोण? हे तीन शहाणे!

बरोबर चारला बागेच्या आजी आल्या. टोपी, उंच बूट, हातावर ओरखडे. लाल करवत बघून त्यांनी तिच्या मुठीवरून हात फिरवला. "माझ्या नवऱ्यानं हिच्यावर अख्खी बाग उभी केली. नवीन घ्या म्हणतात सगळे. कशाला?"

अंगणात ओंडका लाकडी घोडीवर चढवलेला होता. पोरांनी पांढऱ्या रेघेमागे उभं राहायचं, हा इथला कायदा. मामी चहाचा ट्रे घेऊन आली. खारीनं तिच्याकडे बघितलं. मामी कपांकडे बघत होती.

मामानं दोरी ओढली.

करवत किंचाळली. साफ! एकदम साफ, सुईसारखी! मामानं कान पुढे केला, स्क्रू आणखी केसभर आवळला, आणि त्याचा चेहरा फुलला. "ऐका! कशी गातेय!"

आजींनी ओठ चावला. त्यांनाही कळलं होतं. पण त्या टोपी नीट करत राहिल्या.

"बाबाऽऽ थांब!" भोंगा त्याच्या सगळ्या भोंग्यानिशी ओरडला. मामानं करवत उचलली आणि तो ओंडक्याकडे वळला.

मग खार रेघ ओलांडून धावली आणि ओंडक्यावर जाऊन बसली.

मामानं खटका दाबला. करवत मेली. अंगण एकदम इतकं शांत झालं, की चहात साखर विरघळल्याचंही ऐकू आलं असतं.

"अक्कल गहाण टाकलीस का?" मामा पांढराफटक पडला होता. "पाय गेला असता!"

"मामा, ती तोतरी नाही बोलली." खार जागची उठली नाही. "तूच शिकवलंयस. तहानलेली आहे ती."

"बोलली. मी ऐकली."

"नाही बोलली."

मामानं मामीकडे बघितलं. मामी ट्रे धरून उभी होती आणि कप एकमेकांवर किणकिणत होते. मग त्यानं खारीकडे बघितलं, बराच वेळ. कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला.

"उतर. तू लाव."

करवत घोडीवर आवळली, साखळीवर म्यान चढवलं, पुन्हा दोरी ओढली. खारीनं डोळे मिटले. किंचाळणं तिच्या कानांतून वाहत होतं. तिनं स्क्रू हळूच उघडला. थोडा. आणखी थोडा. आणि त्या वाहत्या आवाजात कुठूनतरी खोल, जुन्या रानातून आल्यासारखी एक अडखळ आली. बब्... बब्बब्... तिनं हात वर केला.

मामाचं लक्ष करवतीकडे नव्हतंच. तो सगळ्यांचे चेहरे बघत होता. मामीचे खांदे खाली आलेले, आजी हसत असलेल्या, मुंगी नाचत असलेली.

म्यान उतरलं, करवत ओंडक्यात शिरली. आवाज साफ झाला, आणि भुशाचं सोनेरी कारंजं उन्हात उडालं. लाकडाची चकती धप्पकन पडली. पिस्टन शाबूत होता!

"वाचवलीस ग पोरी!" आजींनी खारीला मिठीत घेतलं. "असा कान लाखात एक!"

"आणि आम्ही स्क्रूचोर पकडला!" भोंगा म्हणाला.

"कोण?" मामानं विचारलं.

"मी," मामी म्हणाली. "मीच फिरवत होते. रोज. पाव फेरा."

"का?"

मामीनं कप सरळ केले. आजी बाहीवरचा भुसा टिपायला लागल्या. मुंगीनं तोंड उघडलं, खारीनं तिचा हात दाबला.

मामानं करवत हळूच जमिनीवर टेकवली. एकेका चेहऱ्याकडे बघितलं. मग तो ओंडक्यावर, खारीच्या जागेवर, बसला.

"मला ऐकू येत नाही," मामा म्हणाला.