खाचेच्या भिंतीत उरलेलं गाणं

निळटोपी पक्ष्याचं पिल्लू मिक्सरसारखं का ओरडत होतं?

उत्तर सोपं होतं. २०५८ साली आंबोलीच्या प्रयोगशाळेत, जपून ठेवलेल्या पेशींपासून ते जन्मलं, तेव्हा त्याला गाणं शिकवायला जगात दुसरी निळटोपी नव्हती. मिक्सर होता. पिल्लाने त्यालाच गुरू केलं.

"आणखी चार दिवस," पक्षीशास्त्रज्ञ केळुसकर आजोबा म्हणाले. "मग शिकायचं वय संपलं. जन्मभर चटणीच वाटत बसेल."

दहा वर्षांची शर्वाणी हसली नाही. पिल्लाला अळ्या तीच भरवायची. निळटोपीचं गाणं एकाच तबकडीवर होतं, आणि ती लावली की नुसती खरखर.

"आजोबा, गाणं झिजून संपलं का हो?"

"तेच तर कोडं!" आजोबांनी तीन कार्ट्रिज मांडली (कार्ट्रिज म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारी इवलीशी डबी). "एकाच घराण्यातली ही. थोरल्याच्या आत स्फटिक. सुई हलली की तो दाबला जातो आणि वीज देतो. पण तबकडीच्या खाचेत हे सहा ग्रॅमने रेटतं, म्हणजे हत्तीची वरातच! मधल्यात सुईच्या मागे चुंबक, शेजारी तारेचं वेटोळं. चुंबक थरथरला की वेटोळ्यात वीज. भार फक्त दोन ग्रॅम."

"आणि धाकटं?"

"आतून मधल्यासारखंच. पण त्या दोघांच्या सुईचं टोक गोल, खाचेच्या भिंतीला एकाच पट्ट्यात घासणारं. धाकट्याला उभी, बारीक कड आहे."

शर्वाणी ताडकन उठली. "म्हणजे त्या पट्ट्याखाली भिंत अजून शाबूत आहे! गाणं तिथेही कोरलेलं असणार! ही कड तिथे पोचेल!"

आजोबांनी घाईघाईने धाकटं बसवलं आणि सवयीने खिशातलं जुनं रुपयाचं नाणं सुईच्या दांड्यावर ठेवायला गेले. त्यांच्या लहानपणी सुईने उड्या मारू नयेत म्हणून असंच करायचे.

शर्वाणीने त्यांचं मनगट धरलं. "आजोबा! आणखी पाच-सहा ग्रॅम? उरलीसुरली भिंतही जाईल!"

"माझी पीएच.डी. कशात आहे गं?"

"पक्ष्यांत."

"मग चालायचंच."

नाणं परत खिशात गेलं. सुई टेकली. खरखर विरली आणि तीन चढे सूर खोलीभर उडाले. पिल्लाने मान वाकडी केली. मग चार दिवस ते ऐकतच राहिलं, अगदी गप्प.

पाचव्या सकाळी त्याने चोच उघडली. तीन सूर, अगदी चोख. आणि मग 'टिक'.

"तबकडीवरच्या चिरेचा आवाज," आजोबा हळूच म्हणाले. "तोही शिकलं."

"पुढच्या महिन्यात अंड्यातून येणाऱ्या पिल्लांनाही शिकवेल?"

"त्यांच्या नातवंडांनासुद्धा! दोनशे वर्षांनी या रानात हजारो निळटोप्या टिकटिकतील, आणि कुणीतरी शास्त्रज्ञ डोकं खाजवत बसेल."

शर्वाणीने लगेच वही ओढली आणि त्या शास्त्रज्ञाला पत्र लिहायला घेतलं.