न मोजलेला दोर

त्या वर्षी जर्दाळूचा मोहोर उशिरा गळला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारीसुद्धा वाऱ्याबरोबर पाकळ्या इसिक-कुल सरोवराच्या पाण्यावर येत होत्या, आणि त्या पाकळ्यांमधूनच ती निळी होडी जिपारच्या धक्क्याला लागली.

जिपार तेव्हा बावीस वर्षांची. सहलीच्या होड्या तपासायच्या, सगळं सामान जागेवर असेल तर हंगामापुरता परवान्याचा नंबर द्यायचा, हे तिचं काम. त्या काठावर हे काम करणारी ती पहिलीच मुलगी. जुने होडीवाले तिला ‘सासूबाई’ म्हणायचे, पण तिची तपासणी झाल्याशिवाय बायकापोरांना होडीत बसवायचे नाहीत.

निळ्या होडीत एक उंच तरुण उभा होता. केसांत दोन पाकळ्या अडकल्या होत्या, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

“कोणाची होडी?”

“माझी. हिवाळाभर खपून बांधली. मी जोमार्त. कारा-तालच्या बागेत जर्दाळूची झाडं बघतो.”

“पाणी उपसायचं भांडं कुठंय?”

त्याने होडीत इकडेतिकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले. “ओंजळ आहे की!”

“ओंजळीला नंबर मिळत नाही.”

तिने यादी वाचून दाखवली. माणशी एक बुचाचं जाकीट, दोर बांधलेलं तरंगतं कडं, शिट्टी, कंदील, आग विझवायचं नळकांडं, जादा वल्ही, नांगर... तो ऐकत होता, पण एखादं गाणं ऐकावं तसा. जिपारला उगाचच दोनदा खाकरावं लागलं.

पुढच्या रविवारी त्याने भांडं आणलं. शिट्टी नव्हती.

“मला तोंडाने येते,” तो म्हणाला, आणि त्याने अशी गोड शीळ घातली की धक्क्यावरच्या बदकांनी माना वळवल्या.

“बुडताना येईल?”

“नाही... तेव्हा बहुतेक कोणाचं तरी नाव येईल तोंडात.”

जिपारच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिसऱ्या रविवारी कंदील होता, तेल नव्हतं. “तुम्ही हे मुद्दाम करता का हो?” तिने विचारलं.

“मुद्दाम? दहा किलोमीटर पेट्रोल जाळत कोण मुद्दाम येईल?” तो म्हणाला खरा, पण त्याचे कान पिकल्या जर्दाळूसारखे झाले होते.

त्या संध्याकाळी जिपार घरी आली ती हसत. आणि मग तिला बुरुल आठवली, तिची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी बुरुलला काही पाहुण्यांनी फसवून एका घरी नेलं होतं. तिथे एका म्हातारीने तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल टाकला. रुमाल टाकला की मुलगी त्या घरची सून. वडीलधाऱ्या बाईचा रुमाल भिरकावला तर शाप लागतो म्हणतात. बुरुल बसून राहिली. डॉक्टरकीच्या शाळेतली तिची जागा तशीच गेली. नवरा चांगला निघाला, तीन मुलं झाली, ती हसतेसुद्धा. पण एकदा लोकर विंचरता विंचरता ती म्हणाली होती, “मला कोणी विचारलंच नाही गं.”

तेव्हापासून जिपारचं एकच मागणं होतं. जो कोणी असेल त्याने विचारावं, आणि उत्तर तिने द्यावं. तेवढं झालं नाही, तर लग्नच नको.

चौथ्या रविवारी होडीत सगळं होतं. जिपारच्या मनात उगाच हुरहूर दाटली. आज नंबर दिला की... की झालं. तिने जाकिटांचे पट्टे ओढून पाहिले, कंदील पेटवला, शिट्टी वाजवून घेतली. होडीच्या पुढच्या टोकाशी जनावराच्या काळ्या-पांढऱ्या केसांचा दोर वेटोळं करून ठेवला होता, त्याच्या टोकाला नांगर.

“किती लांब?”

“भरपूर,” जोमार्त म्हणाला. तो दोराकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता.

हात-हात करत दोर मोजायचा, हा नियम. तिने लिहिलं — ‘ठीक’.

आता पाण्यावरची चाचणी तेवढी राहिली. दोघांनी जाकिटं चढवली, होडी निघाली. दोन्हीकडे बर्फाचे डोंगर, मध्ये ते निळं, निळ्याहून निळं पाणी. इतक्यात पश्चिमेकडून उलान सुटला. हा वारा सांगून येत नाही. एक लाट आत आली, इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

“नांगर!” जिपार ओरडली.

नांगर गेला. दोर ताठ झाला... आणि नांगर पाण्यात नुसता लोंबकळत राहिला. तळाचा पत्ता नाही.

“दोर कसला आहे हा?”

“बाबांच्या घोडीचा,” तो ओशाळून म्हणाला. “कुरणात तिला चरायला पुरायचा.”

“घोडीला पुरायचा! सरोवराला पुरेल?” आणि मग हळूच, “...मीच मोजला नाही.”

तो वल्ही मारत होता, ती पाणी उपसत होती. भीती वाटायला हवी होती. पण त्याच्या हातांना लय होती, तिच्या भांड्याला लय होती, आणि दोन्ही लयी केव्हा एक झाल्या ते कळलंच नाही. वाऱ्याने त्यांना पूर्वेकडे ढकलत ढकलत नेलं ते थेट कारा-तालच्या काठाला.

काठावर जोमार्तची आत्या तोक्तोबुबू धावत आली. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. भाच्याने हात धरून एक भिजलेली मुलगी होडीतून उतरवली, एवढंच तिने पाहिलं. घरात गेली आणि ऊर भरून परत आली. जिपार अंगणात पोचते न पोचते तोच शेजारणींनी सुनेच्या स्वागताला तळलेल्या कणकेचे बोरसोक आणि गोड गोळ्या उधळल्या, आणि बुचाचं जाकीट अजून अंगात असलेल्या तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल पडला.

जिपारचे हात उचललेच गेले नाहीत. बुरुलचेही असेच राहिले असतील...

रुमाल वर उचलला गेला. जोमार्तने तो काढला होता.

“आत्या, त्या होडी तपासायला आल्या आहेत. मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही.”

“म्हातारीने घातलेला रुमाल काढतोस? मेल्या, शाप लागेल!”

“द्यायचा तर मला दे. त्यांना चहा दे.”

आत्याचा चेहरा पडला. मग ती पुटपुटत चहाच्या समोवारकडे वळली. चहाची गरम वाटी दोन्ही हातांत धरल्यावर जिपारला आपली बोटं पुन्हा आपली वाटली. तिने ओली वही उघडली आणि ‘ठीक’वर काट मारली.

“होडी नापास. दोर आखूड. आणि न मोजता शेरा दिला म्हणून माझंही नाव लिहिते.”

“म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा यायचं?” जोमार्तचा चेहरा असा उजळला, जसा नापास झालेल्या कोणाचाच उजळत नाही.

“अरे ए शहाण्या!” आत्या तिकडून कडाडली. “रुमाल काढलास ना? मग विचार की आता! का गवत कापणीपर्यंत वाट बघणार?”

बायका हसल्या. तो हसला नाही. जिपारसमोर येऊन गुडघ्यांवर बसला, आणि इतक्या हळू बोलला की वाऱ्यालाही कान द्यावा लागला.

“जिपार... तू माझ्याशी लग्न करशील? नाही म्हणालीस तरी मी तुला नीट घरी पोचवीन.”

ज्या प्रश्नाची तिने इतकी वर्षं वाट पाहिली, तो समोर बसला होता. ओल्या केसांचा, घाबरलेला. तिने घाई केली नाही. चहाचा एक घोट घेतला. आणखी एक घेतला. विचारलं जाणं किती सुंदर असतं, ते तिला जरा वेळ अनुभवायचं होतं.

“हो,” ती म्हणाली.

“काय म्हणाली? मला ऐकूच नाही आलं!” आत्या.

“हो म्हणाले, आत्या,” जिपारने सांगितलं, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात.