उतरलेले सेल

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या... पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत घडला. रविवारची संध्याकाळ होती, लाईट गेली होती आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. मी, माझ्या थोरल्या जाऊबाई आणि थोरले दीर.

आधीचा भाग जाऊबाईंनी सांगितला. फक्त मला.

जाऊबाई शाळेत विज्ञान शिकवतात. घरात काही बिघडलं की मेकॅनिकच्या आधी त्यांना हाक. आमचे सासरे, बाबा, अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनीच पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढून बेल बसवली. पलंगाला बटण, इकडे फ्रिजवर बेलची डबी, तिच्यात दोन सेल.

बटण दाबायची बाबांची एक तऱ्हा होती. एकदा दाबायचं, पुन्हा एकदा दाबायचं, आणि मग बोट उचलायचंच नाही.

माणूस एवढा आजारी, पण बोटात काय जोर, असं जाऊबाई कौतुकाने सांगायच्या. ते कौतुक फार दिवस टिकलं नाही. पंखा वाढव म्हणून बेल. कमी कर म्हणून बेल. दारात कोण आलं होतं म्हणून बेल, आणि कोणी नव्हतं म्हटलं की हे सांगायला एवढा वेळ का लागला म्हणून पुन्हा बेल. "आले, आले" करून जाऊबाईंचा घसा बसायचा. दीर दिवसभर कामावर, आम्ही दुसऱ्या गावी. बाबा आणि बेल त्यांच्या एकटीच्या वाट्याला.

एका दुपारी त्यांच्यापुढे तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. बेल काही थांबेना.

त्या उठल्या. बेलमधले चांगले सेल काढले आणि बंद पडलेल्या घड्याळातले उतरलेले सेल घातले. फक्त अर्धा तास, असं स्वतःला सांगितलं. डबी रिकामी ठेवली असती तरी चाललं असतं. पण कोणी पाहिलं तर? सेल उतरलेले सापडले तर सेल उतरले होते एवढंच म्हणता येतं.

घर शांत झालं... इतकं शांत की पेपरांवरच त्यांचा डोळा लागला. निदान सगळ्यांना त्यांनी तसं सांगितलं.

संध्याकाळी चहा घेऊन आत गेल्या, तेव्हा बाबा गेलेले होते.

बोट बटणावरच होतं.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, त्रास झाला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण जाऊबाईंचा हात धरून म्हणायचा की पोटच्या लेकीने केलं नसतं एवढं तुम्ही केलंत. त्या मान खाली घालायच्या. लोकांना तो विनय वाटायचा. त्यांना धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं.

कारण माणसं जमायच्या आत चांगले सेल त्यांनी बेलमध्ये परत घातले होते. सासरा आत तसाच पडलेला, आणि सून फ्रिजजवळ उभी राहून सेल बदलतेय. त्या हुशारीची त्यांना सगळ्यात जास्त शरम वाटत होती. उतरलेले सेल ड्रॉवरच्या तळाशी गेले. ते फेकायला मात्र त्यांचा हात धजला नाही.

पुढे शाळेचं प्रदर्शन आलं. जाऊबाईंनी विषय घेतला, उतरलेल्या सेलवर दिवा लावायचा. एका काळ्या रिंगवर तांब्याच्या दोन तारांचे वेढे, एक ट्रान्झिस्टर, एक छोटा एलईडी. झालं सर्किट.

आम्ही त्या रविवारी भेटायला गेलो होतो. दीरांनी उत्साहाच्या भरात घरातले सगळे जुने सेल एका वाडग्यात ओतले. ड्रॉवरमधलेही. कोणता सेल कुठला, कळायची सोय राहिली नाही. जाऊबाई वाडग्याकडे बघत राहिल्या.

"उतरलेला सेल म्हणजे मेलेला नसतो," त्या मला शाळेतल्या आवाजात समजावू लागल्या. "त्याच्यात जीव असतो. आपल्या कामापुरता नसतो, एवढंच."

बोलता बोलता त्यांनी तारांची टोकं जोडायला घेतली.

पहिल्यांदा दिवा लागला नाही. एका तारेची टोकं उलटी जोडली गेली होती. ती बदलली, आणि बारीकसा पांढरा दिवा झकास लागला. दीरांनी टाळ्या वाजवल्या. सेल बदलला, लागला. पुन्हा बदलला, लागला.

मग एक सेल घातला...

काहीच नाही.

"हा बहुतेक खरंच गेला," मी म्हणाले.

तेवढ्यात दिवा लुकलुकला. एकदा... पुन्हा एकदा... आणि मग लागूनच राहिला. विझला. थोड्या वेळाने परत तसंच.

त्या सर्किटला बटणच नव्हतं.

"अगं, हे तर बाबांच्या बेलसारखं," दीर हसून म्हणाले. माणूस निर्मळ. त्यांना त्यात नुसती गंमत दिसली.

जाऊबाईंनी सेल उपसून काढला. दिवा विझला.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

टिक.

टिक.

बेल नव्हे. नुसत्या बटणाचा आवाज. बेलची डबी कधीच काढून टाकली होती. पलंगाला तुटक्या वायरचं बटण तेवढं राहिलं होतं.

खिडकी वाजत असेल, दीर म्हणाले. पण जाऊबाई उठल्या होत्या.

"आले, बाबा," त्या म्हणाल्या. आणि गेल्या.

मी मोबाईलचा उजेड धरून पाठोपाठ गेले. खोलीत कोणी नव्हतं. पलंगावर गादीसुद्धा नव्हती. बटण आत दाबलेलं होतं... आमच्यासमोर ते सावकाश वर आलं.

टिक.

तिथेच अंधारात, माझा हात घट्ट धरून, त्यांनी मला सगळं सांगितलं. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं.

"मला झोप लागलीच नव्हती गं. बेल वाजत नव्हती, पण बटणाचा आवाज येत होता. टिक, टिक. कितीतरी वेळ. मी पेपर तपासत बसले."

ते सर्किट प्रदर्शनात गेलं नाही. दीरांना ते फार आवडलं. त्यांनी तोच सेल घालून ते हौसेने फ्रिजवर ठेवलंय. सेल एव्हाना कधीच संपायला हवा होता. आल्यागेल्याला ते अभिमानाने दाखवतात, की बघा, हिने बाबांच्या आठवणीत केलंय. जाऊबाई मान खाली घालतात. दीरांना अजून काही ठाऊक नाही, आणि सांगायचं माझ्याही जिवावर येतं.

दिवा लुकलुकला की जाऊबाई उठतात. हातात काहीही असो. "आले, बाबा" म्हणतात, आणि रिकाम्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसतात.

परवा मी न राहवून म्हणाले, "अहो जाऊबाई, तो सेल काढून टाका ना एकदाचा."

"एकदा काढला होता," त्या म्हणाल्या.

चहा तसाच निवला. मग दिवा लुकलुकला... आणि त्या उठल्या.